दर दहा मैलांवर एक गाव

प्रश्न : माझा भाचा कॅनडातल्या सास्कॅचेवान प्रांतात, रेजायना शहरात नोकरीला आहे. मागच्या उन्हाळ्यात तो प्रांताच्या दक्षिणेकडच्या 13 क्रमांकाच्या महामार्गाने गाडी घेऊन फिरून आला आणि मला नकाशाचा फोटो पाठवला. त्यावर दर दहा-पंधरा किलोमीटरवर एक गाव आहे, दोरी लावून ठिपके मारावेत तसे. पण तो म्हणतो, ‘मामा, निम्म्या ठिकाणी गावच नाही. पाटी आहे, चार घरे आहेत, नाहीतर तीही नाहीत.’ ही गावे इतक्या सारख्या अंतरावर का वसली? आणि ओस का पडली?
— एक वाचक, लातूर

उत्तर : गावांमधले अंतर घोड्यांनी ठरवले. या पट्ट्याच्या बऱ्याच भागात 1913 च्या आसपास कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने रूळ टाकले तेव्हा शेतकऱ्याकडे ट्रक नव्हता. गाडीत गहू भरायचा, घोडे जुंपायचे, स्टेशनापर्यंत जायचे, माल उतरवायचा आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचे. भरल्या गाडीने हे एका दिवसात साधायचे तर कोणाचेच शेत स्टेशनापासून फार दूर असून चालणार नव्हते. म्हणून रेल्वेने साधारण दर आठ ते दहा मैलांवर, म्हणजे 13 ते 16 किलोमीटरवर, थांबा ठेवला. वाफेच्या इंजिनाला वरचेवर पाणी लागे आणि रुळांची देखभाल करणाऱ्या टोळ्यांना राहायला जागा लागे, तीही सोय त्यात झाली. थांब्याजवळ धान्य साठवून वाघिणीत भरणारे लाकडी ग्रेन एलिव्हेटर उभे राहिले आणि त्यांच्या सावलीत गाव आले. महामार्ग त्यानंतरचा. बऱ्याच अंतरापर्यंत तो रुळांच्या सोबतीनेच जातो.

पश्चिमेकडून निघाले तर नावे अशी लागतात : कॉन्सल, रॉब्सार्ट, ईस्टएंड, शॉनाव्हन, ॲडमिरल, कॅडिलॅक, पाँटेक्स, ॲनेरॉइड, हेझनमोर, किनकेड, मेरॉन, लाफ्लेश, असिनिबॉइया, ओगेमा, पँगमन, वेबर्न, स्टोटन, किस्बी, आर्कोला, कार्लाइल, मॅनर, रेडव्हर्स. अल्बर्टाच्या सीमेपासून मॅनिटोबाच्या सीमेपर्यंत सुमारे 675 किलोमीटर रस्ता, आणि एवढ्या वाटेवर शहर म्हणावे असे एकच, वेबर्न, तेही अकरा हजार वस्तीचे.

एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. आपल्या मनात गाव म्हटले की शेतकरी राहतो ते ठिकाण येते. शिवार गावाभोवती पसरलेले, माणूस सकाळी शेतात जातो, संध्याकाळी गावात येतो. प्रेअरीवर, म्हणजे या सपाट गवताळ मुलखात, शेतकरी गावात राहतच नव्हता. कॅनडा सरकारने 1871 पासून सगळी जमीन चौकोनांत मोजायला घेतली. एक मैल लांब, एक मैल रुंद असा 640 एकरांचा एक सेक्शन. त्याचा चौथा हिस्सा, 160 एकर, दहा डॉलर भरणाऱ्याला मिळे. अट एवढीच की तीन वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन लागवडीखाली आणायची. प्रत्येकाला आपल्याच तुकड्यावर राहणे भाग असल्याने वस्ती माळावर विखुरली. शेजारच्या घराचा दिवा अर्ध्या-एक मैलावर. गाव हे बाजारहाटाचे, पत्रांचे, शाळेचे, चर्चचे आणि गहू विकण्याचे ठिकाण होते. त्यामुळे ज्या दिवशी गहू विकायला दुसरीकडे जाता येऊ लागले, त्या दिवसापासून गावाचा पायाच हलू लागला.

भरभराटीच्या काळात या गावांमध्ये काय होते ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन-तीन, कधी पाच एलिव्हेटर ओळीने उभे, वीस-पंचवीस मीटर उंच, अंगावर कंपनीचे आणि गावाचे नाव रंगवलेले. सपाट मुलखात ते कित्येक किलोमीटरवरून दिसत आणि गाडीवान त्यांच्याकडे पाहून दिशा धरत. प्रेअरीच्या तीन प्रांतांत मिळून 1930 च्या दशकात असे 5,700 हून अधिक एलिव्हेटर होते. पुढे किराण्याचे दुकान, बँक, लोहार, आइस हॉकीसाठी बर्फाचे मैदान, आणि जवळजवळ प्रत्येक गावात एका चिनी माणसाचे उपाहारगृह. या चिनी माणसांची आठवण नकाशावर कुठेच नाही. कॅनडाने चिनी स्थलांतरितांवर 1885 मध्ये माणशी 50 डॉलर कर बसवला, 1903 पर्यंत तो 500 डॉलर केला, आणि 1923 पासून 1947 पर्यंत त्यांना देशात येण्याची वाट जवळजवळ बंदच ठेवली. त्यामुळे बायकामुलांपासून हजारो मैल दूर राहून त्यांनी एकट्याने ही उपाहारगृहे चालवली. उणे तीस अंशांत गहू घेऊन आलेल्या शेतकऱ्याला गरम जेवण मिळायचे ते त्यांच्याकडे.

ओस पडण्याची सुरुवात हवामानाने केली. हा पट्टा कोरडा. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे 350 मिलिमीटर पाणी. जॉन पॅलिसर याने 1857 ते 1860 या काळात पाहणी करून हा भाग शेतीला योग्य नाही असे लिहून ठेवले होते. नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, जॉन मकून याने, चांगल्या पावसाच्या वर्षांत येऊन नेमके उलटे सांगितले. सरकारला आणि रेल्वेला हवे होते ते मकूनच्या अहवालात होते. मग 1930 च्या दशकात वर्षामागून वर्ष पाऊस नाही, माती वाऱ्यावर उडाली, गव्हाचे भाव कोसळले. पेट्रोलला पैसे नसल्याने लोकांनी मोटारींची इंजिने काढली आणि पुढे घोडे जुंपले. त्या वेळचे पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावावरून अशा गाडीला ‘बेनेट बगी’ म्हणत. मराठवाड्यातल्या वाचकाला दुष्काळाचे वर्णन मी काय करावे! सास्कॅचेवानची लोकसंख्या 1931 मध्ये 9 लाख 21 हजार होती. 2021 मध्ये ती 11 लाख 32 हजार भरली. नव्वद वर्षांत वाढ एवढीच. त्यातही लोक रेजायना आणि सास्काटून या शहरांत गेले. 1936 मध्ये प्रांतात 1 लाख 42 हजार शेते होती, 2021 मध्ये 34 हजार उरली. जमीन तेवढीच, कसणारी घरे चौथ्या हिश्श्याहून कमी.

आणि दुसरा, माझ्या मते खरा मोठा घाव 1995 चा. 1897 मध्ये सरकार आणि रेल्वे यांच्यात करार होऊन धान्य वाहतुकीचे दर कमी ठेवले गेले होते. ‘क्रो रेट’ या नावाने प्रेअरीतली पोरेसोरेही ते ओळखत. 1 ऑगस्ट 1995 रोजी ही सवलत संपली. कमी मालाच्या फाट्यांवर गाडी चालवणे रेल्वेला परवडेना, तिने रूळ उखडायला सुरुवात केली. लाकडी एलिव्हेटर एकामागून एक पाडले गेले आणि त्यांच्या जागी मोठ्या मार्गांवर काँक्रीटची प्रचंड कोठारे आली, एकमेकांपासून पन्नास-शंभर किलोमीटरवर. (अशा कोठाराचा प्रयोग वेबर्नच्या शेतकऱ्यांनी आधीच केला होता. 1976 मध्ये त्यांनी स्वतःच्या मालकीचे टर्मिनल उभारले होते.) जो गहू पूर्वी दहा किलोमीटर घोडागाडीने जायचा तो आता 60 टनांहून जड ट्रकमधून शंभर किलोमीटर जाऊ लागला.

हे ट्रक ज्या रस्त्यांवर आले त्यांतले पुष्कळ रस्ते त्यांच्यासाठी बांधलेलेच नव्हते. 1950 ते 70 च्या काळात गावांना धुळीपासून वाचवण्यासाठी मातीच्या भरावावर डांबराचा नुसता पातळ थर दिला होता. खाली खडीचा मजबूत पाया नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळले की भराव मऊ होतो आणि वरचा थर फुटतो. म्हणून तिथे वसंतात ट्रकच्या वजनावर मर्यादा घालतात, आणि कडक थंडीत जमीन दगडासारखी गोठली की जास्त वजनाला परवानगी देतात. प्रांताने कित्येक रस्त्यांवरचे डांबर खरवडून ते पुन्हा खडीचे केले. या महामार्गाच्या उत्तरेला लीडर नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी 2007 मध्ये आपल्या 32 क्रमांकाच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत विवस्त्र उभे राहून कॅलेंडरसाठी फोटो काढून घेतले, तेव्हा त्या रस्त्याकडे देशाचे लक्ष गेले. लाजाळू, चर्चला जाणाऱ्या, मध्यमवयीन शेतकऱ्यांवर ही वेळ यावी यातच त्यांची अगतिकता दिसते.

पण सगळी गावे सारखी मेली नाहीत, आणि तुमच्या भाच्याने पुन्हा जाताना हेच नीट पाहावे असे मला वाटते. रॉब्सार्ट जवळजवळ ओस आहे. ओगेमा मात्र टिकून आहे. रेल्वे कंपनी पँगमन ते असिनिबॉइया हा मार्ग सोडून देणार असे दिसल्यावर आसपासच्या गावांनी आणि शेतकऱ्यांनी पैसे गोळा करून तो स्वतःच विकत घेतला. त्यावर आजही धान्याच्या वाघिणी जातात. ओगेमाकरांनी तर दुसरीकडून त्याच नमुन्याची जुनी स्टेशन-इमारत शोधून आणून पूर्वीच्या जागी बसवली आणि उन्हाळ्यात पर्यटकांची गाडी सुरू केली. आणखी पश्चिमेला ग्रेट वेस्टर्न रेल्वे 2004 मध्ये स्थानिक शेतकरी आणि नगरपालिकांनी मिळून घेतली. त्यांना खात्री होती की एक वाघीण रुळांवर राहिली की दोन ट्रक रस्त्यावरून कमी होतात.

ईस्टएंडची गोष्ट निराळी. 1991 मध्ये तिथल्या शाळेतले शिक्षक रॉबर्ट गेबहार्ट संशोधकांबरोबर फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात फिरायला गेले आणि त्यांना टायरनोसॉरस रेक्सचा दात आणि मणका सापडला. ‘स्कॉटी’ नावाने ओळखला जाणारा हा सांगाडा. 2019 च्या अभ्यासानुसार जिवंतपणी त्याचे वजन 8,800 किलोंहून अधिक असावे, तोवर मोजलेल्या त्या जातीच्या प्राण्यांत सर्वांत जास्त. गावकऱ्यांनी आग्रह धरला की हाडे प्रांताच्या राजधानीत, रेजायनाला, न नेता आमच्याकडे संशोधन केंद्र करा. ते झाले, 2000 साली. पाचशेच्या आसपास वस्तीच्या गावात लोक डायनासोर पाहायला येतात, मुक्काम करतात, पेट्रोल भरतात.

प्रश्न : या रस्त्याला ‘रेड कोट ट्रेल’ म्हणतात असे वाचले. हे लाल कोटवाले कोण?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस. 1 जून 1873 रोजी सायप्रस हिल्समध्ये, या महामार्गाच्या पश्चिम टोकाजवळ, अमेरिकेतून आलेल्या लांडगे मारणाऱ्या आणि दारू विकणाऱ्या टोळीने नाकोडा या मूळनिवासी लोकांच्या तळावर हल्ला करून कित्येकांना ठार मारले. त्याच वर्षी पोलीस दल उभे राहिले आणि 8 जुलै 1874 ला सुमारे 275 जण, लाल डगले घालून, मॅनिटोबातल्या फोर्ट डफरिनहून पश्चिमेला निघाले. चारा नाही, पाणी नाही, वाटाड्यांना वाट नीट ठाऊक नाही. पुष्कळ घोडे वाटेत मेले. ऑक्टोबरमध्ये ते अल्बर्टातल्या दारू-व्यापाऱ्यांच्या ठाण्यावर पोहोचले तेव्हा व्यापारी निघून गेले होते. विनिपेगपासून फोर्ट मॅक्लाउडपर्यंतचा सुमारे 1,300 किलोमीटरचा रस्ता त्या कूचीच्या स्मरणार्थ या नावाने ओळखला जातो. महामार्ग नेमका त्याच वाटेने जात नाही.

पाट्यांवर लाल डगल्यातला घोडेस्वार दिसतो. त्याच 1874 सालच्या 15 सप्टेंबरला फोर्ट क्वापेल इथे सरकार आणि मूळनिवासी यांच्यात झालेला चौथा करार मात्र प्रवाशाला दिसत नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण वर सांगितलेले बहुतेक 160 एकरांचे तुकडे त्या कराराच्या जोरावर वाटले गेले. क्री, सोल्टो आणि नाकोडा लोकांना राखीव जमिनी देण्याचे वचन त्यात होते. ते कसे पाळले गेले? स्टोटन आणि किस्बीच्या परिसरातल्या ओशन मॅन आणि फेझंट रम्प या दोन समाजांना 1901 मध्ये राखीव जमिनी सोडायला लावले आणि लोकांना कार्लाइलजवळच्या व्हाइट बेअर समाजाच्या जमिनीवर हलवले. मोकळी झालेली जमीन वसाहतवाल्यांना विकली. दोन्ही समाजांनी दावा लावून धरला, भरपाई मिळवली आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी याच भागात पुन्हा आपली जमीन उभी केली. या रस्त्यावरची ओस गावे पाहून हळहळणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की इथे आधी एक मुलूख रिकामा करवला गेला होता.

ओस गावांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. मॅनरच्या उत्तरेला कॅनिंग्टन मॅनर आहे. 1882 मध्ये काही इंग्रज घराण्यांनी तिथे क्रिकेट, घोड्यांच्या शर्यती आणि कोल्ह्याच्या शिकारीसह आपला इंग्लंड वसवायला घेतला. 1900 च्या सुमारास रेल्वे काही मैल दक्षिणेकडून गेली आणि गाव संपले.

प्रश्न : इतकी लहान गावे, तर शाळा, दवाखाना, बस यांचे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शाळेची बस मुलांना घरून घेते, एका बाजूचा प्रवास तासाभराचा असणे नवलाचे नाही. दवाखान्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. कॅनडात सर्वांना सरकारी खर्चाने वैद्यकीय सेवा मिळते, त्या व्यवस्थेचे एक मूळ याच रस्त्यावर आहे. टॉमी डग्लस 1930 मध्ये वेबर्नच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक म्हणून आले, दुष्काळात औषधाविना मरणारी माणसे त्यांनी पाहिली आणि ते राजकारणात उतरले. 1944 मध्ये ते प्रांताचे मुख्यमंत्री झाले. 1947 मध्ये रुग्णालयाचा खर्च आणि 1 जुलै 1962 पासून डॉक्टरचाही खर्च प्रांताने उचलला. पुढे सगळ्या देशाने ते स्वीकारले. त्याच प्रांताने 1993 मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली 52 छोटी ग्रामीण रुग्णालये बंद केली किंवा त्यांचे रूप बदलले. उपचाराचे पैसे पडत नाहीत, पण उपचार शंभर किलोमीटरवर.

त्यासाठी बस होती. डग्लस यांच्याच सरकारने 1946 मध्ये सुरू केलेली सास्कॅचेवान ट्रान्सपोर्टेशन कंपनी 253 गावांना जोडत होती. ती माणसांबरोबर रक्ताच्या पिशव्या, शेतीयंत्रांचे सुटे भाग, वाचनालयांची पुस्तकेही नेई. 31 मे 2017 ला ती बंद झाली. ज्याच्या गावात एसटी हाच आधार आहे त्याला हा निर्णय किती कठोर होता ते सांगावे लागणार नाही. आता गाडी चालवता न येणारा वृद्ध शेजाऱ्यावर अवलंबून असतो. शेजारी नेतात, ही मात्र खरी गोष्ट. या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख देतो, ओळखीचा असो वा नसो, कारण तुमची गाडी बर्फात रुतली तर मदतीला तोच येणार असतो.

आणि बर्फाचे मैदान. गावात दुकान उरले नाही तरी लोक आइस हॉकीचे मैदान बंद पडू देत नाहीत. ॲनेरॉइड हे अगदी छोटे गाव. तिथल्या शेतावर वाढलेला पॅट्रिक मार्लो राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये 1,779 सामने खेळला. इतके सामने त्याच्याआधी कोणीही खेळले नव्हते.

प्रश्न : आमच्या बाजारात कॅनडाचा मसूर आणि पिवळा वाटाणा येतो. तो याच भागातला का?
— पहिलेच वाचक, लातूर

उत्तर : पुष्कळसा सास्कॅचेवानचा, आणि या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मसुराची शेते आहेत. पन्नास वर्षांपूर्वी नव्हती. पूर्वी इथे गहू काढला की पुढच्या वर्षी ओल साठावी म्हणून जमीन पडीक ठेवत. सास्कॅचेवान विद्यापीठाचे संशोधक आल स्लिंकार्ड यांनी 1978 मध्ये ‘लेअर्ड’ आणि 1980 मध्ये ‘एस्टन’ हे मसुराचे वाण दिले, दोन्हींना प्रांतातल्याच गावांची नावे. मसूर कमी पाण्यात येतो, जमिनीला नत्र देतो, आणि पडीक वर्षाऐवजी हाती पीक लागते. शेंगा जमिनीलगत धरतात, तिथे हिमनदीने आणून टाकलेले गोटे फार, म्हणून पेरणीनंतर जड रूळ फिरवून गोटे दाबून टाकतात. नाहीतर कापणीयंत्रात दगड जातात. मसुराच्या निर्यातीत आज कॅनडा जगात पहिला.

त्यामुळे दिल्लीत झालेला निर्णय किनकेडच्या कॉफीच्या टेबलावर त्याच आठवड्यात बोलला जातो. नोव्हेंबर 2017 मध्ये भारताने वाटाण्यावर 50 टक्के आणि डिसेंबरमध्ये मसूर व हरभऱ्यावर 30 टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा तिथले भाव कोसळले. उलट डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा शुल्काविना येऊ लागला, तेव्हा लातूरच्या तूर-हरभरा उत्पादकाला काय वाटले ते तुम्ही मला सांगू शकाल. दोन्हीकडे कोरडवाहू शेतकरीच आहे. शुल्काचा निर्णय पेरणीच्या आधी, निदान एका हंगामासाठी तरी पक्का जाहीर व्हावा, ही मागणी दोघांच्याही हिताची आहे.

तुमच्या भाच्याला मसुराची कापणी पाहायची असेल तर त्याने ऑगस्टच्या उत्तरार्धात लाफ्लेश-किनकेडच्या बाजूला जावे. पेट्रोल शॉनाव्हन, असिनिबॉइया आणि वेबर्न इथे भरून घ्यावे, मधल्या गावांतल्या पंपांवर विसंबू नये. हिवाळ्यात जाणार असेल तर निघण्याआधी प्रांताच्या ‘हायवे हॉटलाइन’वर रस्त्याची स्थिती पाहावी आणि रात्री मुक्कामाला इंजिन गरम ठेवणारा हीटर विजेला जोडता येईल अशीच जागा निवडावी, उणे तीसच्या खाली गेले की सकाळी गाडी सुरू होत नाही.